जुन्या जिप्सीला रंग मारायचा, तर पैसे कशाकशाचे?

एकच जुनी मारुती जिप्सी घेऊन म्हापसा, पर्वरी आणि फोंडा अशा तीन ठिकाणच्या गॅरेजांत चौकशी करून बघा. पूर्ण रंगाचा भाव एक जण ४० हजार सांगेल, दुसरा ९० हजार. तिसरा मेस्त्री फडक्याला हात पुसत म्हणेल, "पात्रांव (मालक), खोलल्याशिवाय आकडा सांगणार नाही." बहुतेक लोक पहिल्याकडे जातात, ज्यांना गाडीचं फार प्रेम ते दुसऱ्याकडे. तिसरा उगाच भाव खातोय असं वाटून सगळे तिथून परत फिरतात. माझ्या मते तिघांत सरळ माणूस तोच. बाकी दोघांनी दिसणाऱ्या पत्र्याचा भाव सांगितला. न दिसणाऱ्या पत्र्याचा हिशेब अजून व्हायचाय, आणि गोव्यात मोठा आकडा तिथेच निघतो.

जिप्सी आपल्याकडे आली डिसेंबर १९८५ मध्ये आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. म्हणजे सर्वात तरुण जिप्सीसुद्धा आता जुनीच. महिंद्राच्या जुन्या जीप तर त्याहून म्हाताऱ्या. कुळ्याहून दूधसागरला ओहोळांतून पर्यटक नेणाऱ्या जीप, सत्तरी तालुक्यात बागायतीत नारळ-सुपारी वाहणाऱ्या, एखाद्या हौशी माणसाने लष्कराच्या लिलावातून आणलेल्या, अशा सगळ्यांना कधी ना कधी रंगाची वेळ येते. बऱ्याचदा ती पासिंगच्या तोंडावर येते. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. प्रत्येक वेळी गाडी आरटीओसमोर उभी करायची म्हटली की मालकाला अचानक तिचे पोपडे दिसू लागतात.

पत्र्याचं इथे काय होतं

साध्या मिठाचा एक गुण आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेत ओले होतात. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ७५ च्या खाली क्वचितच उतरते, आणि एरवीही पहाटेची हवा दमटच. त्यामुळे किनाऱ्याजवळ राहणाऱ्या गाडीच्या सांध्यात जे मीठ बसलंय, ते वर्षातला बराच काळ ओलं असतं. गाडी घरात उभी असो, छप्पर असो, कव्हर असो, त्याने फारसा फरक पडत नाही. उलट कव्हरखाली हवा खेळत नाही.

त्यावर आपली लाल माती. ती जिप्सीच्या मागच्या चाकांच्या कमानीत, पायाखालच्या पत्र्याच्या दुमडीत आणि दरवाजाच्या खालच्या ओठात जाऊन बसते आणि पोटिसासारखी पत्र्याला ओल धरून ठेवते. वरून गाडी धुतली की लकाकते, आत पोटीस तसंच. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे दोन्ही एकत्र आलं की पत्रा आतून बाहेर सडत येतो. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो. बाहेर रुपयाएवढा फोड दिसला म्हणजे आत तळहाताएवढा गंज आहे असं धरून चालावं. तो फोड घासून वर रंग मारला तर पुढच्या गणेशचवथीपर्यंत त्याच जागी पुन्हा उगवतो.

गॅरेजमध्ये जाण्याआधी घरीच एक तपासणी करा. फ्रिजवर चिकटवायचं चपटं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळा आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून हळूहळू सरकवत न्या. पत्रा जागेवर असेल तिथे हाताला ओढ जाणवते. मधेच ती ओढ सुटते आणि चार बोटं पुढे गेल्यावर पुन्हा लागते. ओढ सुटली त्या पट्ट्यात पुट्टी आहे, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा. मेस्त्री तिथे स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ठोकतो, 'टण्ण'ऐवजी 'धप' येतं, मग टोक लावून जरा उचकटलं की करंजीएवढा ढलपा हातात येतो. वरून तीन वेगवेगळ्या रंगांच्या रेघा, खाली बोटभर जाड गुलाबी-करडी पुट्टी, तिच्या मागे खिडकीला लावतात तसली जाळी, आणि जाळीच्या मागे काहीच नाही. पूर्वीच्या कुणीतरी भोकावर जाळी लावून त्यावर पुट्टी थापलेली असते. असे ढलपे किती निघणार, हे बाहेरून कोण सांगणार? तिसऱ्या मेस्त्रीच्या उत्तराचा अर्थ हा.

हेच चुंबक पुढे काचेच्या चौकटीच्या बुंध्यापाशी, दरवाजांच्या खालच्या कडेला आणि दोन्ही बाजूंच्या पायरीच्या पट्टीवरून फिरवा. मग रबरी मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा बघा. टपाचा भाग फायबरचा असेल तर तिथे चुंबक अर्थातच लागणार नाही, त्याने घाबरू नका.

रंगाच्या आधीचं काम

आधी गाडी खोलावी लागते. दिवे, जाळी, बंपर, आरसे, बिजागऱ्या, काचा, रबरं, सीट, सगळं. कमी भावात हेच टाळलं जातं आणि रबरांवर कागद-टेप चिकटवून रंग मारला जातो. मग काचेच्या रबराच्या कडेला रंगाची एक धार तयार होते, वर्षभरात ती सुटते आणि पाणी तिथून आत जातं. जुन्या गाडीत खोलण्याचा एक छुपा खर्चही असतो. गंजलेले बोल्ट तुटतात, प्लास्टिकच्या क्लिपा मोडतात, वाळलेली रबरं पुन्हा बसत नाहीत. जिप्सीचे बरेच भाग अजून मिळतात, पण फुकट मिळत नाहीत.

मग पत्र्याचं काम. सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, तेवढा तुकडा घडवायचा आणि वेल्डिंगने बसवायचा. पातळ पत्र्याला गॅरेजमध्ये ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते बरं. एकेक टिपका देत, एकदा इथे एकदा तिथे, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. यात कौशल्य आहे आणि वेळ आहे. वेल्डिंगच्या मागच्या बाजूचा रंग जळून जातो, आणि ती बाजू सहसा पोकळीत असते, हात पोचत नाही. नवा तुकडा सर्वात आधी तिथूनच गंजतो. म्हणून सगळं झाल्यावर लांब नळीने त्या पोकळीत पातळ मेण फवारायचं असतं. काही हजारांचं हे काम, आणि बिलातून सर्वात आधी गळतं तेही हेच.

सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज आणि जुना रंग उडवणं, करू का, असं बरेच जण विचारतात. चॅसी, चाकांच्या रिम, जुन्या जीपचे जाड भाग यांना उत्तम. जिप्सीच्या बॉनेटसारख्या सपाट, पातळ पत्र्याला मात्र नको. माऱ्याने तो ताणला जातो आणि त्यावर लाटा येतात, त्या मग पुट्टीने भराव्या लागतात. शिवाय चॅसीवर ठोकलेला नंबर आधी झाकून घ्यायला सांगा. आरटीओत त्याचा पेन्सिलने ठसा घेतात. तो घासून गुळगुळीत झाला तर रंगापेक्षा मोठी कटकट मागे लागेल.

उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही. आपल्या हवेत घामेजलेल्या बोटांचे ठसेसुद्धा सकाळपर्यंत तांबूस होतात. त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर चढला पाहिजे. कारखान्यात हल्लीच्या गाड्यांचा अख्खा सांगाडा प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने थर बसवतात, त्यामुळे तो सांध्यासांध्यात पोचतो. गॅरेजात हौद नाही. त्याच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे इपॉक्सी, कारण तो पाणी जवळजवळ अडवून धरतो. नेहमीचा करडा सरफेसर हे काम करत नाही. तो घासून सपाट करण्यासाठी असतो, ओल त्यातून आरपार जाते. 'प्रायमर मारलाय' एवढ्यावर समाधान मानू नका, कुठला ते विचारा.

पुट्टीबद्दल लोकांच्या मनात उगाच अढी असते. पुट्टी वाईट नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा खड्डा भरायला तीच लागते, आणि चांगला मेस्त्री बहुतेक जागी त्याहूनही पातळ लावतो. वाईट असते ती जाड थापलेली पुट्टी आणि भोकावरची पुट्टी. दुसरं म्हणजे ती पाणी पिते. तिच्यात शंखजिऱ्याची पूड भरलेली असते. पाणी मारत मारत पॉलिश पेपरने ती घासली आणि पुरेशी वाळू न देता वर सरफेसर मारला, की आत कोंडलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात बारीक फोड बनून वर येतं. पुट्टी कोरडीच घासायला सांगा. धूळ उडते, मेस्त्री कुरकुरतो, पण सांगा.

गाडीवर रंग किती चढतो

जिप्सी सुमारे ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १.९ मीटर उंच. बाहेरचा पत्रा, दरवाजांच्या आतल्या बाजू, मागचा हौदा असं सगळं धरून रंगवायचं क्षेत्रफळ २० चौरस मीटर समजू. वरच्या रंगाचा वाळलेला थर साधारण ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. गुणाकार केला तर उत्तर येतं एक लिटर. अख्ख्या गाडीवर वाळून राहिलेला वरचा रंग एवढाच.

मग डबे इतके का लागतात? मिश्रणातला निम्मा भाग उडून जाणारा, म्हणून पत्र्यावर पडायला हवेत दोन लिटर. शिवाय जुन्या पद्धतीच्या स्प्रे गनमधून निघालेल्या रंगापैकी जेमतेम ३५ टक्के गाडीवर बसतो, बाकीचा धुक्यासारखा हवेत आणि मेस्त्रीच्या अंगावर. म्हणजे दोन लिटरसाठी पावणेसहा लिटर ओतावा लागतो. कमी दाबाच्या नव्या गनने ६५ टक्क्यांपर्यंत बसतो, तेव्हा तीन लिटरच्या थोडं वर भागतं. लिटरला २००० रुपये धरले तर फरक ५००० च्या आसपास. एकूण बिलात हा आकडा मोठा नाही. त्यामुळे 'रंग मी आणून देतो, तुम्ही फक्त मारा' असं म्हणून पैसे वाचवायला जाणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. शिवाय काही बिघडलं तर मेस्त्री रंगाकडे बोट दाखवतो आणि दुकानदार मेस्त्रीकडे.

गाडीच्या विम्याचं गणितही याच बाजूचं आहे. अपघाताच्या दाव्यात रंगकामाचं एकत्रित बिल आलं, तर त्यात सामानाचा वाटा २५ टक्के धरतात आणि घसारा तेवढ्याच भागावर, ५० टक्क्यांनी, कापतात. म्हणजे रंगकामाचे तीन चतुर्थांश पैसे हाताचे, हे विम्यानेच गृहीत धरलंय. गंज मात्र विम्यात येत नाही, ती झीज.

हार्डनर, घाम आणि पाऊस

कारखान्यात गाडी मोकळी असते, वायर नाही, रबर नाही, सीट नाही. ती १४० अंशांच्या आसपास भट्टीत भाजता येते. तयार गाडीला तसं केलं तर सगळं वितळेल. म्हणून गॅरेजमध्ये दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग वापरतात, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि थर आपोआप कडक होतो. बूथ, म्हणजे फवारणीची बंद खोली, असेल तर ६० अंशांवर अर्धा तास ठेवून ती क्रिया लवकर उरकते, नसेल तर रात्रभर वाट बघायची. स्वस्तात मिळणारा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग एकाच डब्याचा, नुसतं थिनर उडून वाळणारा. तो पटकन चमकतो आणि आपल्या उन्हात तितक्याच पटकन खडूसारखा होतो. ४० हजारांच्या भावात कधीकधी तो लपलेला असतो. शंका आली तर गाडीच्या कोपऱ्यात थिनर लावलेलं फडकं घासून बघा. एनसी सुटून फडक्याला लागतो, कडक झालेला पीयू सहजी सुटत नाही.

हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाला पाणी आवडतं. हवेत ओल असली की तो रंगाशी जुळायचं सोडून पाण्याशी जुळतो, आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तो थरातून बाहेर पडताना सुईने टोचल्यासारखी भोकं पाडतो, किंवा आत राहून चमक मारतो. याच आयसोसायनेटने फवारणाऱ्याला कायमचा दमा लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून बंद शेडमध्ये पीयू मारणारा पोरगा दिसला तर ते गॅरेज बाकीच्या कामातही तसंच असणार, एवढं मी त्यावरून ठरवतो.

दवाचंही गणित आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, किमान तीन अंशांनी जास्त हवं, तरच त्यावर न दिसणारी ओल बसत नाही. जुलैतली एक नेहमीची दुपार घ्या, हवा २८ अंश, आर्द्रता ९० टक्के. दवबिंदू येतो २६ च्या किंचित वर. फरक दोन अंशसुद्धा नाही. आता जानेवारीतली दुपार, ३२ अंश आणि ५५ टक्के. दवबिंदू २२ च्या जवळ, फरक दहा अंशांचा. तीच गन, तोच रंग, तोच मेस्त्री, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक. थिनर उडताना पत्रा आणखी थंड होतो ते वेगळंच.

म्हणून 'चवथीला गाडी दारात पाहिजे' ही मागणी सर्वात वाईट. चवथीला गाडी हवी म्हणजे रंग आषाढ-श्रावणात. हवा तापवून, गाळून आत सोडणारा बंद बूथ असेल तरच ते करावं, आणि तिथे भाव जास्त असणारच. उघड्या शेडमध्ये करायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि फवारणी सकाळी ऊन चढल्यावर ते दुपारपर्यंत. पावसाळ्यात गॅरेज रिकामी असतात, तेव्हा भाव थोडा कमी मिळतो हे खरं. त्या दिवसांत खोलणं, कापणं, वेल्डिंग उरकून घ्या, इपॉक्सीपुरता बूथ भाड्याने मिळतो का बघा आणि वरचा रंग दिवाळीनंतर मारा. मेस्त्रीला आधी सांगून ठेवलं तर बरेच जण असं दोन टप्प्यांत करायला तयार असतात.

कुठला रंग

इथे माझं मत एकांगी आहे. जंगलवाटेने, ओहोळातून, काजूच्या झाडीतून जाणाऱ्या गाडीला मेटॅलिक रंग आणि त्यावर पारदर्शक लॅकर हा थाट परवडत नाही. मेटॅलिकमध्ये आधी बेस, मग लॅकर, म्हणजे फवारण्या जास्त, सामान जास्त. आणि एका दरवाजावर फांदीने ओरखडा पाडला तर फक्त तेवढीच जागा रंगवता येत नाही. चांदीसारख्या कणांची दिशा जुळवायला शेजारच्या पत्र्यापर्यंत रंग विरवत न्यावा लागतो. साधा पांढरा, करडा, मळकट पिवळा असा सॉलिड पीयू थेट मारला की त्यातच चमक असते, ओरखडा पडला तर तिथेच घासून तिथेच डागडुजी होते, आणि मूळ कामही स्वस्त पडतं. लाल आणि पिवळ्याचे भडक प्रकार मात्र महाग पडतात. त्यांची झाकण्याची ताकद कमी, म्हणून थर वाढतात.

मॅट रंगाची सध्या फॅशन आहे. फोटोत छान दिसतो. पण मॅटला पॉलिश मारता येत नाही, मारलं की तिथे चमकदार डाग पडतो. बारीक ओरखडासुद्धा अख्खा पत्रा रंगवूनच जातो. ज्या गाडीला ओरखडे पडणारच आहेत तिच्यावर हा रंग कशाला, ते मला कळलेलं नाही.

खरबरीत, दाणेदार कोटिंग, मागच्या हौद्याला मारतात तसलं, हल्ली अख्ख्या गाडीवर मारून मिळतं. ते चिवट असतं आणि पत्र्याचे उंचसखलपण झाकतं, त्यामुळे घासकाम वाचतं. धोका एवढाच की ते गंजही तितक्याच सफाईने झाकतं. खाली इपॉक्सी नसेल तर ते कातड्यासारखं सोलून येतं. व्हिनाइल रॅप, म्हणजे पत्र्यावर चिकटवायची रंगीत फिल्म, फोडांवर बसत नाही, म्हणून जुन्या गाडीसाठी तो विचारच सोडा.

आणि खालून 'फुकट' मारून देतात तो काळा डांबरी लेप. गंजलेल्या, चिखल राहिलेल्या पत्र्यावर तो मारला तर ओल आत कोंडते आणि बाहेरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं. भेट म्हणून मिळत असेल तरी नको म्हणा. पायाखालच्या पत्र्यातली पाणी जायची भोकंही याच लेपाने बुजतात, मग ओहोळ ओलांडल्यावर आत आलेलं पाणी तिथेच राहतं.

बेरीज

आता एक नमुना. १९९८-९९ ची जिप्सी, दोन्ही मागच्या कमानी सडलेल्या, पायाखाली दोन ठिगळं लागणार, काचेच्या चौकटीचा बुंधा गेलेला, बाकी पत्रा ठीक. आकडे ढोबळ, मधल्या दर्जाच्या कामाचे. खोलणं आणि पुन्हा जोडणं १५ हजार. पत्रा आणि वेल्डिंग ४० हजार. तयारी, घासणं, फवारणं, कटिंग-पॉलिश ही मजुरी ५५ हजार. इपॉक्सी, पुट्टी, सरफेसर, रंग, हार्डनर, थिनर, पेपर, टेप हे सामान २० हजार. रबरं, क्लिपा, बोल्ट १५ हजार. खालची बाजू आणि पोकळ्यांतलं मेण १० हजार. झाले १ लाख ५५ हजार. सगळं पक्क्या बिलावर आलं तर १८ टक्के जीएसटी धरून जवळपास १ लाख ८३ हजार. दोन माणसांना तीन-चार आठवडे. पत्रा याहून वाईट निघाला तर ४० हजारांची ओळ सहज दुप्पट होते, बाकीच्या ओळी फारशा हलत नाहीत.

यातून ४० हजारांचा भाव कसा निघतो ते आता उलगडेल. खोलणं नाही, कापणं नाही, मेण नाही, रबरं जुनीच, इपॉक्सीच्या जागी सरफेसर, आणि घासकाम निम्मं. तो माणूस फसवतोय असंही नाही, त्याने तेवढंच काम विकलंय. सहा महिन्यांत गाडी विकायची असेल तर कदाचित तेच परवडेल, जरी जाणता गिऱ्हाईक ताजा रंग बघून आधी चुंबकच खिशातून काढतो.

बजेट एक लाखाच्या आतच असेल, तर मी रंगात काटछाट करेन, पत्र्यात नाही. या वर्षी खोलून पत्रा, इपॉक्सी आणि मेण. वरून स्वस्त सॉलिड रंगाचा एक साधा हात, आरशासारख्या चमकेचा हट्ट नाही. पॉलिशची हौस दोन वर्षांनी भागवता येते. सडलेली कमान दोन वर्षं थांबत नाही.

पैसे देतानाही टप्पे पाडा. खोलल्यावर मेस्त्रीसोबत उभं राहून सडलेल्या जागा खडूने आखायच्या, मोबाइलवर फोटो काढायचे आणि मग आकडा ठरवायचा. दुसरा हप्ता इपॉक्सी चढल्यावर, सरफेसर मारायच्या आधी, म्हणजे वेल्डिंग झाकलं जाण्यापूर्वी ते बघता येतं. शेवटचा हप्ता उन्हात गाडी बघून, ट्यूबलाइटखाली नाही.

रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी. आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि ती गाडीशी जुळली पाहिजे. बदलानंतर नवी नोंद करून घ्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं. आणि जिप्सीवाल्यांच्या आवडत्या लष्करी हिरव्याबद्दल: केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुणालाही ऑलिव्ह हिरवा लावू देत नाही. लिलावातून आणलेली गाडीसुद्धा आधी रंग बदलूनच नोंदवावी लागते. रंगाच्या दुकानात 'आर्मी ग्रीन' म्हणून डबा मिळतो, म्हणजे तो लावायची मोकळीक मिळते असं नाही. हिरवाच हवा असेल तर त्यापासून स्पष्ट वेगळा दिसणारा गडद किंवा पिस्त्यासारखा हिरवा निवडा आणि डबा मिसळायच्या आधी नमुन्याची पट्टी आरटीओत दाखवून घ्या.

गाडी ताब्यात घेताना उरलेला रंग मागा, हार्डनर न मिसळलेला, झाकण घट्ट लावलेल्या छोट्या डब्यात, वर रंगाचा कोड आणि तारीख लिहून. हार्डनर मिसळलेला दुसऱ्या दिवशी दगड होतो, तो घरी नेऊन उपयोग नाही. पहिला महिनाभर मेण-पॉलिश लावू नका, थरातलं थिनर अजून बाहेर पडत असतं. नुसत्या गोड्या पाण्याने धुवा, आणि पाइपाची धार वरून नको, खालून, चाकांच्या कमानीत मारा.